कानातल्या पाच सुया

"अगं, पोरीच्या कानात काटं घुसलेत आनि तू भाकऱ्या थापत बसलीस?"

आत्या दारातूनच ओरडली. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेतल्या गाड्यांनी तेव्हा हॉर्न वाजवायचे थांबवले होते म्हणतात.

"काटं नाय वन्सं, सुया हायत," आई म्हणाली. "डॉक्टरांनी टोचल्यात. अभ्यासात ध्यान लागावं म्हून."

मी दहावीत होते. गणिताच्या चाचणीत वीसपैकी सात मिळाले तरच तालुक्याच्या कबड्डीला नाव, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. चढाईला मी नाही म्हणजे आमचा संघ बिनबैलाची गाडी. पण पुस्तक उघडलं की माझं मन पाताळगंगा ओलांडून पसार! बाबा रसायनीच्या कंपनीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइलवर ॲक्युपंक्चरचा व्हिडिओ पाहिला आणि रविवारी मला खालापुरात एका डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. दोन्ही कानांत मिळून पाच सुया, वर चिकटपट्टी. "चाचणी होईपर्यंत काढू नका," डॉक्टर म्हणाले. सुया तिळाएवढ्या होत्या. शाळेत मी त्या स्वेटर विणायच्या सुयांएवढ्या करून सांगितल्या.

आता, आमच्याकडे पाय म्हटला की काटा आलाच आणि काटा म्हटला की आत्या. बांगडीला सेफ्टी पिन, कनवटीला बिब्बा. डोंगरावरच्या वाडीतून माणसं उतरून तिच्यापुढे पाय पसरत. अंगात रुतलेली वस्तू आत राहू द्यायची, हे तिच्या शास्त्रात बसेना. आई "अवो, थांबा" म्हणेपर्यंत तिनं माझं डोकं मांडीवर दाबलं, पाचही सुया उपटल्या आणि काट्याच्या रिवाजाप्रमाणे जागेवर गरम बिब्ब्याचं तेल लावलं.

सकाळी बिब्बा उतला. कान टम्म, दोन पुऱ्या तळून चिकटवल्यासारखे.

"आक्का, एक दिस तरी थांबायचंस गं!" बाबा गरजले. मला ते माशी घोंगावल्यासारखं ऐकू आलं. तशीच चाचणीला बसले. मागच्या बाकावरून मैत्रीण उत्तरं कुजबुजत होती, त्यातलं एक अक्षर कानात शिरलं नाही. झक मारत स्वतःच गणितं सोडवली.

आणि सात मिळाले! मोजून सात. कबड्डीच्या यादीत नाव लागलं आणि घरात दुसरा सामना सुरू झाला.

"दोन दिस सुया होत्या, त्येचा गुण!" बाबा.

"मी काढल्या म्हून पोरगी वाचली रं, आनि वाचली म्हून पास झाली!" आत्या.

शेवटी निवाड्यासाठी दोघं मला घेऊन शाळेत गेले. गणिताचे सर वह्या तपासत होते. "सर, खरं सांगा," बाबा म्हणाले, "पोरीत हा फरक कशानं पडला?"

सरांनी मान वर केली नाही.

"चौथा प्रश्न चुकीचा छापला होता. सगळ्यांना दोन मार्क दिलेत."