बिनलेबलच्या फिल्मवरची माय

तो डबा मी घेतला तो फक्त स्वस्त होता म्हणून. कला-बिला काही नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ होता, कसाबसा चालायचा. नव्वदच्या अलीकडंपलीकडंची गोष्ट असेल; गावात रंगीत फोटो आले होते आणि काळापांढरा काढून घ्यायला फक्त परीक्षेच्या फॉर्मवाले नि पासबुकवाले उरले होते. त्यांच्यासाठी कंपनीचा चांगला रोल वापरायचा म्हणजे माझ्या हातात राहणार काय, डोंबल? तेव्हा औरंगाबादच्या एका व्यापाऱ्यानं मला पत्र्याचा एक डबा दाखवला. आत लांबच्या लांब काळीपांढरी फिल्म गुंडाळलेली. कुठली, कधीची, कशी धुवायची, काही म्हणता काही लिहिलेलं नाही. "सिनेमावाल्यांची हाये, आवाज भरायला वापरतात," तो म्हणाला. "डेव्हलपर कोणता चालतो ते तुमचं तुम्ही बघा." बघतो की, म्हणलं. अंगात मस्ती होती तेव्हा.

ती फिल्म अंधारात हाताच्या मापानं कापायची, वापरून झालेल्या रोलच्या रिकाम्या नळीत भरायची, झाला रोल तयार. असे दोन रोल मी भरले. एक स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांना वापरला आणि रोजच्या पाकिटातल्या डेव्हलपरमध्ये धुतला. बघतो तर काय, सदरे पांढरेफेक आणि तोंडं काळीठिक्कर! मधलं काहीच नाही. आमच्याकडची माणसं उन्हानं रापलेली, आणि या फिल्मला तांबडा रंग दिसतच नव्हता. तिच्या लेखी आमचे चेहरे म्हणजे सदऱ्याच्या वर पडलेलं एक भोक. एका गिऱ्हाइकानं फोटो माझ्या अंगावरच फेकला. "हा मी हाये का तव्याचं बूड?" काय चुकलं त्याचं?

दुसऱ्या रोलमध्ये माझी माय होती.

तो रोल घेऊन मी गावी गेल्तो. गाव वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला उतरून आत चालत जायचं. आम्ही मेंढरांवाले, बाप तेव्हाही कळप राखायचा. मी कोकरं काढली, घोंगडी पांघरलेला बाप काढला, पारावरची मंडळी काढली. माय दारात तूर पाखडत बसली होती. ती फोटोला कधी बसायची नाही. "माझं काय काढतू बापा, त्या कोकराचं काढ," असं म्हणून उठूनच जायची. त्या दिवशी कोण जाणे कशी, तिनं सूप खाली ठेवलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि हसली. समोरचा एक दात पडलेला. मी बटण दाबलं, आणि रोल तिथंच संपला.

गिऱ्हाइकांच्या रोलची ती दशा बघितल्यावर मी मायचा रोल धुतलाच नाही. चांगला डेव्हलपर सापडू दे, मग बघू, म्हणून डबीत घालून फळीवर ठेवून दिला. घाई कशाची होती? माय कुठं पळून चालली होती?

त्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला, डोक्यात गेला. जालन्याला आणेपर्यंत तिला माझी ओळख राहिली नव्हती, आणि आणल्यावर कुणाला काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तेरवी झाल्यावर बाप माझ्याजवळ येऊन बसला. "तिचा एखांदा फोटू असंन ना रे तुझ्याकडं?" म्हणाला. तेव्हा ध्यानात आलं, की अख्ख्या जगात तिचा दुसरा फोटो नाही. मी शेकडो लोकांचे फोटो काढले होते. "हाये," मी म्हणालो. "वर्षश्राद्धाला घेऊन येतो."

ज्यांना या कामातलं माहीत नाही त्यांना सांगतो. फिल्मवर फोटो उमटलेला असतो, पण दिसत नाही. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावरच दिसतो, आणि हे एकदाच होतं. डेव्हलपर चुकला की खेळ खलास. परत धुऊन बघू, असं काही नसतं. रोल फळीवर होता तोवर माय त्यात होती. हात लावला तर असेल किंवा नसेल. मला त्या डबीची भीती वाटायला लागली.

पत्र्याच्या डब्यात फिल्म अजून बरीच शिल्लक होती. म्हणून ठरवलं, त्याच फिल्मवर, तसल्याच दारात, तसल्याच उन्हात दुसरा चेहरा काढायचा आणि वेगवेगळ्या डेव्हलपरमध्ये धुऊन बघायचं. ज्यात चेहरा उजळून येईल, त्यात मायचा रोल टाकायचा. चेहरा कुणाचा? बायकोचा, दुसरा कुणाचा आणणार? तिचा रंगही मायसारखा सावळा, आणि जालन्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीचं दारही पश्चिमेलाच होतं. पहिल्या दिवशी ती हौसेनं बसली. "दिवाळीची साडी नेसू का?" म्हणाली. "मायचं लुगडं नेस," मी म्हणालो. तिचं तोंड एवढंसं झालं, पण नेसली.

आधी पाकिटातलाच डेव्हलपर दुप्पट पाण्यात केला. चेहरा थोडा आला, पण सगळ्या फिल्मवर राखाडी धुकं. तो डबा कुठल्या गोदामात किती उन्हाळे तापला होता देव जाणे. धुकं मारायला ब्रोमाइड घातलं, तर धुक्याबरोबर चेहराही गेला. मग सुटी रसायनं आणून घरीच डेव्हलपर करायला लागलो. त्यात कडक काम करणारं एक औषध असतं आणि मऊ काम करणारं एक. कडकवालं काढूनच टाकलं, तर बायको पिठाच्या डब्यात पडल्यासारखी आली. डेव्हलपरला जोर यायला सोडा घालतात, त्याऐवजी किराणा दुकानातला टाकणखार घालून बघितला. दुकानदार म्हणाला, "लेकराचं तोंड आलंय का?" मी म्हणलं, बांध पुडी अन गप बस. टाकणखारानं जरा बरं झालं. कपाळ दिसलं, नाक दिसलं. डोळे काही केल्या येईनात. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या.

आणि पाणी! जालन्यात नळाला पाणी आलं म्हणजे सणच. उन्हाळा लागला तसं टाकीतलं पाणी असं तापलं, की एकदा धुता धुता फिल्मवरचा लेप दुधावरच्या सायीसारखा सुटून माझ्या बोटाला आला, बायकोच्या अर्ध्या तोंडासकट. मग मी माठातलं गार पाणी घ्यायला लागलो. साध्या पाण्यानं फिल्मवर क्षाराचे डाग पडायचे, म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी विकत आणून त्यात डेव्हलपर कालवायचा. लोक म्हणायचे, एवढ्या खर्चात चांगल्या फिल्मचे किती रोल आले असते! आले असते ना. पण त्यात माझी माय नव्हती. काही लोकांना सल्ला दिल्याशिवाय जेवण जात नाही.

एक दिवस बायकोचा तोल सुटला. "लेकरायला प्यायला पाणी न्हाई अन तुमी माठ मोरीत रिकामा करून राह्यलात! अन मी रोज मेलेल्या बाईचं लुगडं नेसून उन्हात बसू! मी बाई हाये का बुजगावणं?"

"तुझी माय असती मंग तुला कळलं असतं," मी ओरडलो.

"माझी मायबी न्हाईच हाये," ती म्हणाली. "मला ती डोळे झाकले की दिसती. तुमाला तुमची माय बघायला औषध लागतं का?"

ती मोरीत भांडी आदळायला निघून गेली, आणि मी तिथंच बसून डोळे झाकून बघितलं. दार दिसलं. ऊन दिसलं. लुगडं दिसलं, त्याचा काठसुद्धा दिसला. आणि वर चेहरा बायकोचा. परत झाकले. परत बायकोच. तिला त्या दारात बसवून, निगेटिव्हवर, कागदावर, भिंगाखाली तिचा चेहरा बघून बघून मी मायचा चेहरा माझ्याच हातानं खरवडून काढला होता. पडलेला दात आठवायचा, हनुवटीवरचं गोंदण आठवायचं, पण सुटंसुटं. त्यांचं मिळून तोंड होईना. कुणाला सांगणार हे? मायचं तोंड विसरलेला माणूस, त्याला कोण जवळ करील? आता त्या रोलशिवाय मला दुसरा आधार नव्हता.

जुन्या फोटोग्राफरांची एक युक्ती मी ऐकून होतो. फिल्म डेव्हलपरमध्ये थोडा वेळ बुडवायची आणि काढून साध्या पाण्यात न हलवता पडू द्यायची. परत डेव्हलपर, परत पाणी. उजेडाच्या जागी शोषलेलं औषध लवकर दमतं, सावलीच्या जागी ते हळूहळू काम करत राहतं. टाकणखाराच्या डेव्हलपरवर मी ती करून बघितली, आणि डोळे आले! काय डोळे, रागानं भरलेले, पापणीचा केस न् केस. फोटो वाळत असताना बायको येऊन बघून गेली. "एवढी वाळले का मी?" एवढंच म्हणाली. मला तिच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायचा रोल काढला. ही फिल्म लाल दिव्यात उघड्या ताटलीत धुता यायची, तेवढाच तिचा एक गुण. सावकाश, अगदी ठरल्याप्रमाणं केलं. कोकरं आली. घोंगडीतला बाप आला. पार आला. शेवटच्या चौकटीत दार आलं, सूप आलं, आणि चेहऱ्याच्या जागी काहीतरी सपाट होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटंच दिसतं, असं मी स्वतःला समजावलं. फिल्म वाळली तशी लगेच कागदावर फोटो काढला. कागद ताटलीत पडला आणि एकेक दिसायला लागलं. पायातली जोडवी. सुपातली तूर, दाणा न् दाणा. हातातल्या बांगड्या. लुगड्याची वीण न् वीण. आणि कपाळावरून थेट हनुवटीच्या खाली ओढून घेतलेला पदर.

इतका सुरेख फोटो मी जन्मात काढला नव्हता. फक्त त्यात माझी माय नव्हती.

माझा कॅमेरा जुना होता. बटण दाबलं की आतला आरसा वर जायचा, डोळ्यापुढं अंधार व्हायचा आणि पडदा अडखळत, जरा उशिरानंच उघडायचा. ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. आणि त्या क्षणी मागून मोठे बाबा आले होते. मोठे बाबा म्हणजे बापाचे थोरले भाऊ, मायचे भासरे. आमच्यात बाई भासऱ्यापुढं तोंड उघडं ठेवत नाही. म्हणून भासराही घराकडं येताना लांबूनच खाकरतो, बाईला पदर ओढायला वेळ मिळावा म्हणून. ते बिचारे रीतीप्रमाणं खाकरले. मायनंही रीतीप्रमाणं पदर ओढला. मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा ती उठून आत गेलेली होती आणि मोठे बाबा मला विचारत होते, "कवा आल्ता?"

मी त्या डार्करूममध्ये भिंतीवर डोकं आपटून रडलो. शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळेना.

वर्षश्राद्धाला फ्रेम करून नेला. रस्ताभर वाटत होतं, सांगून टाकावं फिल्म खराब निघाली. पण बाप वाट बघत बसलेला. त्यानं वर गुंडाळलेला कागद सोडला, फोटो बघितला, मग फ्रेम उलटी करून मागची बाजू बघितली. परत सरळ केली. "मेंढरं सुटली का बघतो," म्हणाला आणि उठून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग मोठ्या बाबांनी हात पुढं केला. म्हातारे झाले होते, नजर कमी झालेली. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हीच," ते म्हणाले. "बराबर हीच हाये. लगीन होऊन आली तवापासून मी हिला अशीच बघितली. माझ्या म्होरं भाकर ठेवायची तीबी अशीच. बिलकुल जित्ती बसल्यावानी काढली रे बापा." फ्रेम छातीशी धरून ते रडायला लागले. घरातल्या बाकी कुणालाच तो फोटो मायचा वाटला नव्हता. ओळखला तो एकट्या मोठ्या बाबांनी.

रडणं ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "शेवटालाबी मी लांबच उभा राह्यलो, म्हणलं तिला लाज वाटंन. मी काय तिचं तोंड कधी बघितलं न्हाई. तू लेक हायेस, तुला ठावं असंन. दिसायला कशी व्हती रे ती?"

"सावळी होती," मी म्हणालो, आणि पुढं मला काही सांगता आलं नाही.