बाई जेवायच्या कुठे?

मी सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात होते. आई ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाही, त्या दिवशी केला. "अगं, बाई गेल्या," ती म्हणाली. मी विचारलं, "आता कुठे?" कारण बाई सतत कुठे ना कुठे जात असत, कधी लायब्ररीत, कधी कुणाच्या गाण्याला, आणि फोन हमखास घरी विसरत. आई रडायला लागली... मग मला कळलं. त्यांच्या जाण्याच्या बातमीवरही माझ्या तोंडून पहिल्यांदा वैतागच बाहेर पडला होता. बाईंच्या बाबतीत हे नेहमीचंच.

बाई म्हणजे सरपोतदार बाई. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनीअर होते आणि सिंगापूरच्या बंदरातून ये-जा करता करता इथलेच झाले. ते वारल्यावर बाई क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या आणि मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. सेंगकांगला आमच्याकडे त्या एमआरटीची मेट्रो, मग एलआरटीची छोटी गाडी असं करत यायच्या. मला शाळेत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या होत्या आणि त्यांत गव्हर्नेस भरपूर. गरीब पण शिकलेली मुलगी श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवते, ती गव्हर्नेस. मला तिचं प्रेम कुणावर बसतं एवढंच हवं असायचं. बाई पुस्तक उघडायच्या आधीच विचारायच्या, "ही जेवते कुठे?"

"बाई, हे एक्झाममध्ये येत नाही, लाह."

"ते सिंगापुरी 'लाह' लावू नकोस. कुठे जेवते?"

मग मी वैतागून पानं उलटायची. मालकांच्या टेबलाशी तिला रोज बसवत नाहीत, कारण ती पगारी. नोकरांच्यात ती बसत नाही, कारण ती शिकलेली, आणि त्यांनाही ती नकोच असते. मग तिचं जेवण वर मुलांच्या खोलीत जातं आणि ते नेणारी मोलकरीण जिन्यावर पाय आपटत जाते. "ते आपटणं ऐकू येतंय का तुला?" बाई विचारायच्या. मला येत नसे. मला परीक्षा दिसत असे.

आणि या बाई स्वतः आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेत नसत. मी फार बोलणारी मुलगी नाही, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारी. माझ्याशी मनापासून भांडणारं माणूस एकच, आणि ते ऐन जेवणाच्या वेळी चपला घालून निघून जाई. बाईंनी एकदा, एकदाच, आमच्याबरोबर बसून जेवावं असं मला फार वाटे. आई रोज आग्रह करायची. "बाई, दोन घास खाऊन जा ना."

"नको हो, घरी कुकर लावून आलेय."

"म्हणजे गॅस चालू ठेवून आलात?" आई चिडून विचारायची. बाई हसून लिफ्टचं बटण दाबायच्या.

एका दिवाळीत आईकडे फराळाला तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांतल्या वैद्यवहिनी नुकत्याच मुंबईहून आलेल्या. बेल वाजली, माझ्या धाकट्या बहिणीने दार उघडलं आणि तिच्या इंग्रजी शाळेतल्या मराठीत ओरडली, "आई, बाई आली!" इथे घरकामाला असणाऱ्या बाईला सगळे हेल्पर म्हणतात, पण वहिनींना ते कुठे ठाऊक? त्यांनी ऐकलं ते 'आली'. मागे न बघताच म्हणाल्या, "आलीस का? आधी हे कप उचल गं जरा."

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, कप गोळा केले, सिंकमध्ये नेऊन ठेवले आणि बाहेर येऊन बहिणीला म्हणाल्या, "आल्या म्हणायचं, बाळा. नाहीतर कप उचलावे लागतात."

आईचा चेहरा पडला. वहिनी उभ्याच राहिल्या. "अहो, माझं फार चुकलं हो..."

"तुमचं नाही. क्रियापदाचं चुकलं."

माझ्या खोलीत आल्यावर बाई चक्क खूश होत्या. "बघ, इंग्रजांना यासाठी आख्ख्या कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. आपल्याकडे एका 'ल्या'त भागलं."

"पण तुम्ही कप उचललेत कशाला?" मी इतकी संतापले होते की नेहमीचे इंग्रजी शब्द विसरून निव्वळ मराठीत बोलले.

"रिकामे होते म्हणून."

त्या संध्याकाळी आई हट्टालाच पेटली, आज जेवल्याशिवाय जायचंच नाही. तेव्हा बाईंनी सांगितलं. त्यांच्या पहिल्या शिकवणीच्या घरी वाढदिवस होता, हॉलमध्ये पाहुणे. यजमानीण फार प्रेमाने म्हणाली, "तुमचं ताट मुलांच्या खोलीतच पाठवते हं, निवांत जेवा." जेवणही छान होतं. पण अभ्यासाच्या टेबलावर, पृथ्वीच्या गोलाशेजारी... तेव्हापासून त्यांनी ठरवलं, शिकवायला जायचं त्या घरी जेवायचं नाही.

"आम्ही तसं करू का?" आईने विचारलं.

"नाही करणार. पण मग कुणाकडे जेवायचं आणि कुणाकडे नाही, हे मला निवडत बसावं लागेल." आणि लिफ्टने गेल्या.

मला नोकरी लागल्यावर मी त्यांना फोन केला. एवढं वाक्य बोलायला मी दोन दिवस घेतले होते. "बाई, आता मी तुमची विद्यार्थिनी नाही. आता या जेवायला."

"नाहीस ना? मग तूच ये माझ्याकडे."

मी गेले. टेबलावर एकच ताट वाढलेलं होतं. बाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या.

"बसा ना तुम्ही पण."

"बसते गं. तू गरम गरम घे."

पोळी आली, भाजी आली, परत पोळी आली. शेवटी मला राहवलं नाही. "बाई, इतकी वर्षं मला विचारलंत, ती कुठे जेवते, कुठे जेवते. तुम्ही कुठे जेवता?"

"ही काय, इथेच. ओट्यापाशी."

"उभ्याने?"

"एकटीला कशाला हवंय टेबल?"

"आज एकट्या आहात का?"

त्या हसल्या आणि पोळी उलटली. मी उठले आणि गॅस बंद केला. माझ्या शांत आयुष्यातलं हे सगळ्यात उद्धट काम असेल. बाई निमूटपणे स्वतःला ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या, घास मोडला, तोंडात घातला... आणि "अगं, लोणचं राहिलं!" म्हणून उठल्या. मग भाताला तूप, मग ताक. मी एकटीच जेवले आणि भयंकर चिडून घरी गेले. पुढच्या खेपेला त्यांना खुर्चीला बांधून ठेवायचं असं मी आईला सांगितलं होतं. पुढची खेप झाली नाही. बाई झोपेतच गेल्या.

नाशिकहून त्यांचा पुतण्या आला. फ्लॅट आवरायला आई आणि मी गेलो. दुपारी आईने आणलेले डबे उघडून ती आणि तो टेबलाशी बसले, आणि मी चमचे आणायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी, गॅस आणि भांड्यांची जाळी यांच्यामधल्या कोपऱ्यात, बाई उभ्याने जेवायच्या तिथे उभी राहिले. तिथून आख्खं टेबल दिसत होतं. कुणाचा पेला रिकामा झालाय, पुतण्याने कारल्याची भाजी कशी गुपचूप कडेला सारलीय, आई रडू नये म्हणून किती भराभर बोलतेय. आपल्याकडे कुणी बघत नसतं म्हणून ते सगळं दिसतं. त्या कादंबऱ्यांतली गव्हर्नेसही दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शिवण घेऊन बसते आणि सगळ्यांना बघते. "गोष्ट सांगायला तीच जागा चांगली," असं बाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

असेल. दिसतं सगळं, हे खरं. पण त्या कोपऱ्यात एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला भांड्यांची जाळी. बाई, तिथे ताट टेकवायलासुद्धा जागा नाहीये हो.