तारीखमास्तर आणि सहासष्ट सह्या

चहाचा कप हातात आला की मास्तर तो आधी वर उचलून बुडाखाली बघायचे. गळतोय का, म्हणून.

बोलता बोलता डोक्यावरून विमान गेलं तर वाक्य तिथेच थांबवायचे. आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे.

जेवण झालं की घरातले चमचे मोजायचे. विमानाच्या पोटात दुरुस्तीचं हत्यार विसरू नये म्हणून लागलेली सवय. काकू म्हणायच्या, "घ्या मोजून. माझ्या पोटात एकही गेला नाही."

एखाद्या कामाला हात लावून बघितल्याशिवाय "झालं" म्हणायचे नाहीत.

आणि कोणी "बघू", "करू", "होईल" म्हटलं की एकच शब्द. "तारीख?"

त्यावरूनच त्यांना तारीखमास्तर म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं.

विमानं दुरुस्त होतात त्या अवाढव्य शेडमध्ये, हँगरमध्ये, त्यांनी एकतीस वर्षं काढली. मी तिथे नोंदी ठेवायच्या खोलीत तीन वर्षं होते. साहित्यात पदवी घेतली होती आणि दुसरीकडे कुठे नोकरी मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"वा. भांडारात साहित्य पुष्कळ पडलंय. बोलणारं पहिल्यांदाच आलं."

तेव्हापासून मी साहित्य.

तारखेचं कारण त्यांनीच मला समजावलं होतं. विमानात बारीकसारीक बिघाड असतोच. डोक्यावरचा दिवा लागत नाही, खुर्ची मागे जात नाही. असा बिघाड पुढे ढकलता येतो. पण किती दिवस, हे ठरलेलं असतं. ती तारीख लिहून पट्टी चिकटवायची. त्या तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर विमान उडत नाही. मालक आला तरी नाही.

मास्तरांनी लिहिलेली तारीख कधी चुकली नाही असं सगळे म्हणत. मी जुन्या नोंदी काढून बघितल्या. खरंच चुकली नव्हती. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोरीतला नळ तेवढा बघ त्या नोंदीत. तीन वर्षं गळतोय."

कंपनी तोट्यात होती हे सगळ्यांना माहीत होतं. विमानं कमी होत गेली. सुटे भाग मागवले की येत नसत. मग एका सकाळी फलकावर कागद लागला. मास्तरांनी मला हाक मारली.

"साहित्य, इकडे ये. वाच."

'परिस्थिती सुधारेपर्यंत सर्व कर्मचाऱ्यांच्या वेतनात तीस टक्के कपात करण्यात येत आहे.' खाली लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांना हे मान्य नसल्यास हँगर बंद करून काम बाहेर दिलं जाईल.

"यात कर्ता कोण?" त्यांनी विचारलं.

"कर्ता नाहीच, मास्तर. लपवलाय."

"म्हणजे कापणारा कोणी नाही. आपोआप कापलं जातंय. आणि परिस्थिती सुधारली हे कोण ठरवणार? परिस्थितीच?"

दुपारी पाळी बदलताना कॅन्टीनमध्ये सभा झाली. आम्ही एकशे त्रेचाळीस जण होतो. पत्र्या बाकावर चढला. तो विमानाच्या अंगाचे पत्रे ठोकायचा, म्हणून पत्र्या. मास्तरांचा वीस वर्षांचा डबा-भागीदार.

"तीन वर्षांपूर्वी बढत्या सोडल्या," तो म्हणाला. "गेल्या वर्षी रजा सोडल्या. आता पगार. पुढच्या वर्षी काय, मूत्रपिंड?"

लोक हसले.

"हसू नका. अर्ज छापून तयार असेल."

मास्तर उठले. "नाही म्हटलं तर काय होईल ते सांग."

"बंद करतील."

"मग?"

"मग बंद करतील, मास्तर. पण पूर्ण पगारावर बंद करतील."

हे वाक्य त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. आपण काय बोलून गेलो ते आपल्यालाही कळलं नव्हतं, असं पत्र्या नंतर म्हणाला.

मास्तरांनी शेवटच्या टेबलाकडे हात केला. तिथे नवीन लागलेली पोरं-पोरी बसली होती. मीही. "बंद झालं तर आपल्याला काही ना काही मिळेल. यांना काय? मी तारीख मागतो. तारीख लिहून दिली तर हो म्हणू. नाही दिली तर नाही."

"कंपनीचे जावई कधी झालात?" मागून कोणीतरी ओरडलं.

"जावई असतो तर या कॅन्टीनची भाजी खाल्ली असती का रे?"

पुन्हा हशा झाला. त्या हशातच निम्मी सभा त्यांच्याकडे झुकली.

संध्याकाळी आम्ही दोघं वरच्या मजल्यावर गेलो. मला त्यांनी भाषेसाठी नेलं होतं. साहेबांनी कॅलेंडरकडे न बघता अकरा महिन्यांनंतरची तारीख दिली. इतक्या सहज कशी दिली, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. मी मात्र वाक्य घासत बसले होते. शेवटी कागदावर आलं: 'कंपनी या तारखेपर्यंत वेतन तीस टक्के कमी देईल आणि या तारखेपासून पूर्ण देईल.' कर्ता होता. तारीख होती. मला वाक्याचा अभिमान वाटला.

जिन्यात मास्तर म्हणाले, "आता कसं स्वच्छ झालं."

मतदान झालं. हो एकोणऐंशी, नाही चौसष्ट. मीही हो म्हटलं होतं. कागद फार थोड्यांनी वाचला. "मास्तरांची तारीख आहे," एवढं पुरेसं होतं. पत्र्याने नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वेगळ्या टेबलावर बसला.

सातव्या महिन्यात कंपनी बंद पडली.

सकाळी फाटकाला कुलूप होतं आणि त्यावर कागद. मास्तर कितीतरी वेळ तो वाचत होते. कागद चार ओळींचा होता.

पुढच्या आठवड्यात खरी गोष्ट कळली. निघताना जे मिळायचं ते शेवटच्या पगारावर ठरतं. शेवटचा पगार म्हणजे कापलेला पगार. जेवढी वर्षं नोकरी, तेवढी सगळीच्या सगळी तीस टक्क्यांनी लहान झाली. मास्तरांची एकतीस. पत्र्याची सव्वीस.

कागदात एक वाक्य हवं होतं. इतर सर्व बाबतींत जुनाच पगार धरला जाईल, असं. एक ओळ. ती त्यांना सुचली नाही. मलाही नाही.

मी त्यांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसले होते. काकू आतून म्हणाल्या, "बघ गं, तुझ्याशी तरी बोलतात का."

"तू वाचला होतास ना कागद?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"नीट?"

"हो, मास्तर."

 रागावले असते तर बरं झालं असतं.

महिनाभराने ते एका वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, कपात तात्पुरती होती, ती संपायचा दिवस लिहिलेला आहे, तेव्हा जुना पगार धरा असा अर्ज करता येईल. पण निम्म्याहून जास्त लोकांच्या सह्या हव्यात. निदान बहात्तर.

मास्तरांनी फाइल घेतली आणि दारोदार फिरायला सुरुवात केली. फोनवर मागत नव्हते. "तोंड दाखवायलाच हवं," म्हणायचे. ज्यांनी मास्तरांकडे बघून मत दिलं होतं त्यांच्याकडे आधी गेले. काहींनी बसवून घेतलं. एकाने दारातच सही केली आणि पेन फेकल्यासारखं परत दिलं. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "आता कुठली तारीख आणलीत?"

पत्र्याकडे मी सोबत गेले. त्याने घरासमोर पत्र्याच्या पेट्या दुरुस्त करायचं काम सुरू केलं होतं. आम्हाला बघून हातोडी खाली ठेवली.

"या मास्तर. सावलीत बसा. पाणी घ्या."

मास्तर पाणी प्यायले. फाइल उघडली.

"सही मात्र नाही," पत्र्या म्हणाला.

"रागावलायस."

"राग गेला. खरंच गेला. पण सही केली की पुन्हा वाट बघायला लागेन. घरी सांगेन, मास्तरांनी अर्ज केलाय, होईल काहीतरी. बायको पुन्हा आकडे मांडेल. मास्तर, मला आता कशाचीच वाट बघायची नाहीये."

"मिळेल असं मीही म्हणत नाही," मास्तर म्हणाले.

"मग कशाला फिरताय?"

मास्तर फाइल बंद करत होते. दोरीची गाठ त्यांना बसेना. पत्र्याने पुढे होऊन ती बांधून दिली.

परतताना ते म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, साहित्य. त्याने सावलीत बसवलं."

त्यानंतर ते एकटेच जायचे. मी एका शाळेत तात्पुरती लागले होते, मला वेळ नव्हता. म्हणजे, काढला असता तर होता.

गेल्या महिन्यात बसथांब्यावर ते खाली बसले. आधी लोकांना वाटलं, दमलेत. कोणीतरी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. मला काकूंचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात कर्ता आणि कर्म शिकवत होते. तास पूर्ण केला. का केला ते सांगता येत नाही.

अंत्ययात्रेला हँगरमधले बरेच जण आले होते. पत्र्या दूर उभा होता. 

पंधरा दिवसांनी काकूंनी फाइल माझ्यापुढे ठेवली. "मला यातलं काही कळत नाही. तूच बघ काय ते."

आत सहासष्ट सह्या आहेत. सहा कमी. सदुसष्टाव्या ओळीवर खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या बाईंचं नाव मास्तरांच्या अक्षरात आहे. या बाईंनी मत विरोधात दिलं होतं. त्या राहायच्या तिथून गेल्या होत्या, नवा पत्ता मास्तरांनी कुठून तरी मिळवला होता. तो एका चिठ्ठीवर लिहून फाइलला टाचलाय. 'टपाल कचेरीच्या मागची गल्ली. शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला. घंटा बंद आहे, दार वाजवावं. दहानंतर घरी असतात.'

नावापुढची जागा कोरी आहे.