घुमट माझा, पायऱ्या ताईंच्या

"सायेब, आमी बोलतोय का ह्यो घुमट बोलतोय?" सरपंच हिराताईंनी भर सभेत मला विचारलं. घुमटानं तेच मला आणखी तीनदा विचारलं.

उरण रस्त्यावरच्या एका गावाच्या नव्या ग्रामपंचायत इमारतीतली ती पहिली ग्रामसभा. आर्किटेक्ट मी. पनवेलला एसटी स्टँडसमोर माझं ऑफिस आहे.

झालं होतं असं. हिराताई अमेरिकेत लेकीकडे राहून आल्या आणि फोनमध्ये तिथला सिटी हॉल, म्हणजे नगरपालिका, भरून घेऊन आल्या. मधोमध घुमट, समोर जाडजूड खांब, रस्त्यापासून दारापर्यंत रुंद पायऱ्या. "आमाला आशीच पायजे." अमेरिकेनं हे सगळं ग्रीस-रोमवरून उचललं, आपण त्यांच्याकडून उचललं तर कोणाच्या बापाचं काय जातं? शिवाय आयुष्यभर कंटेनरवाल्यांची पत्र्याची गोदामं काढून मी विटलो होतो. घुमट म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

भांडण झालं पायऱ्यांवरून.

"ताई, पंधरा पायऱ्या कशाला? म्हाताऱ्यांसाठी रॅम्प द्यावाच लागेल. जागा कमी आहे. तीनच ठेवू."

"रॅम्प द्या, पायऱ्या पन द्या. तिथं मानसा पायऱ्यांवर बसून डबा खात व्हती. आमची कुठं बसतील?"

"आत. घुमटाखाली सभा भरेल."

"ते तुमी बगा. पायऱ्या नाय कापायच्या."

मग मी सभेची वेगळी खोली कापली.

पहिल्या सभेपुढे विषय एकच होता. पोरांच्या खेळाच्या मैदानावर एका कंपनीला कंटेनर रचायचे होते. दुसऱ्या दिवशी कलेक्टरांपुढे सुनावणी होती आणि गावाचा विरोध ठरावात लिहून जायला हवा होता. आमच्याकडे एकेक माणूस बोलत नाही, अख्खी आळी एकदम बोलते. वर घुमट प्रत्येकाचा शब्द परत पाठवत होता. ग्रामसेवकानं, म्हणजे पंचायतीच्या सरकारी सचिवानं, पेन खाली ठेवलं. "जे ऐकू येत नाही ते मी लिहिणार नाही." त्याचं बरोबर होतं. कंटाळून लोक उठायला लागले. कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, तुटला की सभा तहकूब.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अमेरिकेत घुमटाखाली कोणी सभा घेतच नाही. तिथं नुसतं वर बघायचं. बोलायला शेजारी सपाट छताचा, गालिचा घातलेला हॉल असतो. मी कापला तोच.

"चला, भायेर!" हिराताई ओरडल्या.

सगळं गाव पायऱ्यांवर बसलं. ताई खाली उभ्या राहिल्या. प्रत्येकाला त्या दिसत होत्या, त्यांना प्रत्येक जण. रस्त्यावर ट्रेलर हॉर्न देत होते, तरी शब्दन् शब्द कळला. हात वर झाले, ठराव झाला. मैदानावर आजही क्रिकेटच चालतं.

सभा अजून पायऱ्यांवरच भरते. आम्ही दोघांनी एकच फोटो पाहिला होता. मी इमारत पाहिली, ताईंनी माणसं.

भरलेल्या पायऱ्यांचा फोटो मी ऑफिसात लावलाय. घुमट कुठाय विचारलं, तर फ्रेममध्ये मावला नाही म्हणून सांगतो.