साखळी धरणारा आजा

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला तो नकाशा आठवतो. ऐंशीच्या दशकात मी ठाण्याला एका कचेरीत कारकून होतो. नकाशा इंग्रजांच्या मोजणीचा, कापडावर चिकटवलेला, कचेरीच्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेला.

मोहने गावाच्या पलीकडून एक म्हातारा कातकरी, त्याची वस्ती उठवायची आलेली नोटीस घेऊन आलेला. मी नकाशा पसरला. त्यात ओढा होता, विहीर होती, आंब्याची चार झाडंसुद्धा होती. "बाबा, इथे तुमची वस्ती नाही. नुसतं जंगल लिहिलंय."

त्याने ओढ्यावरून बोट फिरवलं. "ह्यो माझ्या आज्यानं दावला. गोऱ्या साहेबाची मोजणीची साखळी धरून तोच पुढं चालायचा."

"मग घरं का नाही दाखवली?"

"साहेबाला रान ठाव नव्हतं, ते दावलं. घर काय दावायचं, भाऊसाहेब? साहेब दुपारचा आमच्याच अंगणात सावलीला बसायचा."

तेव्हा मला नोटिशीवर शेरा लिहिणं रोजचंच काम वाटलेलं. आता त्या साहेबाला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही. म्हातारा माझ्यासमोर बाकावर बसलेला होता, आणि मी कागदावर शेरा लिहिला: सदर जागी वस्ती आढळत नाही.