टापटीपरावांनी उडवलेले फोटो

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यांना गल्ली टापटीपराव म्हणते, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलंय. दुकानात शोधून धुळीचा कण सापडायचा नाही. काउंटरवर एकच पेन, तेही काटकोनात. घरी बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक फुलदाणी, बस्स. पलंगाखाली काय आहे ते मात्र विचारू नका. तिथे तीन बंद पंखे, एक मोडकी इस्त्री आणि बायकोच्या म्हणण्यानुसार तिची सहा वर्षांपूर्वी हरवलेली छत्रीसुद्धा आहे. पण चादर जमिनीपर्यंत सोडलेली असते, कडक घडीची. दिसत नाही ते नाही, या एका तत्त्वावर टापटीपरावांचा संसार उभा आहे.

दुकानातला कॉम्प्युटरही मालकाच्या वळणावर गेलेला. पडद्यावर एकुलता एक फोल्डर. कचऱ्याच्या डब्याचं चित्र तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं होतं. गिऱ्हाइकासमोर कचरा? शोभतं का?

बाकासमोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही. माणसाने तिथे आपला फोटो बघायचा आणि पसंत करायचा. आता फोटोत कुणाचे डोळे मिटतात, कुणाचा जबडा उघडतो. मग माणूस ओरडतो, ‘‘उडवा हो तो!’’ टापटीपराव माउस दोन-तीनदा टिचकवतात, फोटो गायब होतो, आणि ते शांतपणे म्हणतात, ‘‘उडवला.’’ अकरा वर्षं हा शब्द गल्लीत नाण्यासारखा चालला.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसल्या होत्या. एकशे ऐंशी मुलांची ओळखपत्रं हवी होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि फोटोच्या ओळखपत्राशिवाय मुलांना आत घेणार नव्हते. टापटीपरावांनी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. बारा फोटो उतरले आणि गाडी थांबली. पडद्यावर पाटी आली: जागा नाही.

‘‘जागा नाही?’’ टापटीपराव फोल्डर उघडून दाखवायला लागले. ‘‘हे बघा, हे बारा सोडले तर रिकामा! आरशासारखा लख्ख!’’

‘‘मला आरसा नकोय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाच वाजेपर्यंत ओळखपत्रं हवीत. नाहीतर मी चौकातल्या नव्या स्टुडिओत जाते, आणि पुढच्या वर्षीही तिथेच जाईन.’’

अकरा वर्षांची शाळा! टापटीपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मेहुणीला फोन केला. ही मेहुणी बँकेत कॉम्प्युटर सांभाळते आणि जिभेला धार लावूनच घराबाहेर पडते. वीस मिनिटांत आली. खुर्चीत बसली, मुख्य ड्राइव्हवरची लाल पट्टी बघितली आणि भुवई उंचावली.

‘‘भावोजी, दोनशे तीस जीबी भरलेत. आणि दिसतंय काय, तर तुमचं नशीब.’’

‘‘व्हायरस असेल.’’

‘‘व्हायरसला एवढी भूक नसते. नको असलेला फोटो तुम्ही काढता कसा, ते करून दाखवा बरं.’’

टापटीपरावांनी अभिमानाने दाखवलं. फोटोवर उजवं बटण, मग ‘गुणधर्म’ची पाटी, तिच्यातल्या ‘लपवा’ या चौकोनात टिचकी. फोटो नाहीसा.

मेहुणीने कपाळावर हात मारला. ‘‘अहो, हे उडवणं नाही, हे पलंगाखाली सारणं झालं!’’ आणि कुणी अडवायच्या आत तिने ‘लपवलेलं दाखवा’वर टिचकी मारली.

टीव्ही भरून गेला. एक्केचाळीस हजार तीनशे सोळा फोटो! मिटलेले डोळे, वासलेले जबडे, अर्ध्यात अडकलेल्या शिंका, जांभया, एक कान खाजवणारा पोस्टमन, विग सरकलेले संगीत शिक्षक. अख्खी गल्ली भिंतीवर टांगली गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे तर शेकडो माणसं डोळे मिटून बसली होती.

रस्त्यावरून जाणारा विमा एजंट काचेला नाक लावून उभा राहिला आणि मग आतच घुसला. ‘‘अहो, तुम्ही तर ‘उडवला’ म्हणाला होतात!’’

‘‘मला वाटलं, उडाला.’’

‘‘सगळे पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम,’’ मेहुणी म्हणाली.

‘‘थांबा!’’ विमावाला ओरडला. ‘‘तो तिसऱ्या ओळीतला मी ना? जांभई देणारा?’’

‘‘तुम्हीच. पुसू?’’

‘‘खबरदार! केस बघा माझे! केवढे केस होते!’’

तोवर बातमी पसरली होती. औषधवाला आला, त्याला मिटल्या डोळ्यांखाली एकच हनुवटी सापडली, आता दोन आहेत. त्यानेही हरकत घेतली. संगीत शिक्षकांनी स्वतःचा फोटो पुसायला सांगितला, पण पोस्टमनचा ठेवा म्हणाले. पोस्टमन आला, त्याने नेमकं उलटं सांगितलं. घड्याळात सव्वाचार.

‘‘बाई, तुमचा तरी पुसू?’’ टापटीपरावांनी हात जोडले.

बाईंचा फोटो मोठा झाला. नऊ वर्षांपूर्वीचा. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बाई चक्क खदाखदा हसत होत्या. बाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. बाईंनीही नसावं.

‘‘राहू द्या,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पण लपवून ठेवा.’’

‘‘कुणीतरी दोनशे फोटोंची जागा द्या हो!’’ मेहुणी वैतागली. ‘‘हे कोण, रोजचा एक फोटो? तीन हजार फोटो, एकच माणूस!’’

ते टापटीपराव होते. रोज सकाळी उजेड बरोबर पडतोय का ते बघायला ते स्वतःच खुर्चीत बसून फोटो काढत आणि मग तो ‘उडवत’. तीन हजार भांग, सगळे सरळ. डोळे सताड उघडे.

‘‘हे पुसू?’’

टापटीपरावांनी दुकानभर नजर फिरवली. कुणीतरी ‘‘अहो, असू द्या’’ म्हणेल म्हणून अर्धं मिनिट वाट पाहिली.

‘‘पुसा, पुसा,’’ विमावाला म्हणाला. ‘‘सगळे सारखेच तर आहेत.’’

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. अकरा वर्षं गेली. पण लाल पट्टी तसूभर हलली नाही.

‘‘ते डब्यात गेले, भावोजी. तुम्ही दडवून ठेवलेल्या त्या कचऱ्याच्या डब्यात. नुसता कचरा टाकून भागत नाही, डबा ओतावा लागतो.’’ तिने डबा शोधून पडद्यावर आणला आणि ओतला. पट्टी मागे सरकली. पाचाला दहा कमी असताना एकशे ऐंशी ओळखपत्रं बाईंच्या पिशवीत पडली. ‘‘पुढच्या वर्षी येते,’’ एवढंच म्हणून बाई गेल्या, पण जाता जाता टीव्हीकडे एकदा वळून पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टापटीपराव नेहमीसारखे खुर्चीत बसले, भांग सरळ केला, बटण दाबलं. टीव्हीवर पाहतात तर डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. सवयीने हात उजव्या बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला.

‘‘ओ टापटीपराव!’’ काचेबाहेरून विमावाला पोट धरून हसत होता. ‘‘हा मात्र उडवा हो!’’

टापटीपरावांनी माउस बाजूला सारला, पेन काटकोनात लावलं आणि टीव्ही तसाच चालू ठेवून शांतपणे म्हणाले, ‘‘उडवला.’’