पालथं टोचलेलं आकाश

माझे मामा शिंपी. कॉलर बसवावी तर त्यांनीच, पण आकाशातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. ते सगळं मामीचं खातं. दिवसभर दुकानात ती काजं करायची आणि शरद लागून आभाळ निवळलं की तारकानकाशा आणि जुनी दुर्बीण घेऊन गच्चीवर जायची. मागून मामा टॉर्च घेऊन. नकाशा दिसावा पण डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चवर लाल अस्तराचा तुकडा बांधलेला असे.

मामी आधी शर्मिष्ठा शोधायची, मग महाश्वाचा चौकोन, आणि त्याच्या कोपऱ्यापासून एकेक तारा पकडत देवयानीतला तो धुरकट ठिपका. तो ठिपका म्हणजे दुसरी अख्खी आकाशगंगा, हे सांगताना तिचा आवाज दर वर्षी तितकाच हळवा व्हायचा. मग मामांच्या हातात दुर्बीण देऊन ती विचारायची, "दिसला?"

"दिसला, दिसला," मामा म्हणायचे. नजर जिन्याकडे.

मग मामीचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, दिवसाउजेडी बऱ्यापैकी दिसेल, अंधारातलं मात्र आता नाही. मामीने नकाशा गुंडाळून कपाटामागे सारला. "वर येऊन करू काय? हवा खायला खिडकी आहे की," असं ती हसत म्हणाली, आणि मला तिचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

 शरद आला तसा मामांनी तो नकाशा काढला, कापड बेतायच्या टेबलावर पसरला आणि टोचायला बसले. ठळक ताऱ्याला दाभण, बारक्याला सुई. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

"मामा, तिला आता दिसणार नाही ते."

"बघायचं कुठे आहे? चाचपायचं आहे."

संध्याकाळी अंधार पडल्यावर ते तिला जवळजवळ ओढतच वर घेऊन गेले. मामीची बोटं कागदाच्या दोन्ही बाजूंवरून फिरली, उंचवटे लागले तिथे थांबली. "अगंबाई, चौकोन! अहो, याच्या उजव्या कोपऱ्यापासून उजवीकडे जा."

"उजवीकडे पाण्याची टाकी आहे."

"मग जरा वर."

"वर टाकीचं झाकण."

मी कपाळाला हात लावला.  मामीने कागद उलटासुलटा करून चाचपला आणि एकदम खो खो हसत सुटली. मामांनी छापलेल्या बाजूने टोचलं होतं, त्यामुळे उंचवटे मागच्या बाजूला आले होते. डावं ते उजवं झालं होतं. आणि हा माणूस कोण, तर खूण कापडाच्या उलट बाजूनेच करायची म्हणून जन्मभर कारागिरांचं डोकं खाणारा!

"गिऱ्हाइकाच्या कापडाची उलट बाजू कधी चुकला नाहीत," मामी डोळे पुसत म्हणाली, "आणि एवढं मोठं आभाळ उलटं शिवलंत?"

मामा ओशाळले, पण खूशही झाले. कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कागदावर जुना नकाशा पालथा घातला आणि त्याच्याच भोकांतून पुन्हा टोचलं. संध्याकाळी कुणी ओढायच्या आत मामी जिन्यात उभी.

एक हात कागदावर, दुसऱ्याने मामांचं कोपर धरलेलं. "डाव्या कोपऱ्यापासून डावीकडे. पुढचा ठळक तारा. आता तिथून वर, दोन बारके. दुसऱ्याच्या शेजारी बघा. सावकाश."

मामा बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "खरंच दिसला."

"खरंच? म्हणजे इतकी वर्षं...?"

मामांनी जीभ चावली. मामीने त्यांचं कोपर आणखी घट्ट धरलं. "असू दे. कसा आहे सांगा."

मामांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. "कापडावरचा खडू हाताने पुसल्यावर राहतो ना, तसा. मधे जरा पांढरा. कडा म्हणून नाहीच."

मामीचे डोळे भरून आले. "तोच," ती म्हणाली. "तोच आहे."

मग तिची बोटं कागदाच्या डाव्या काठापर्यंत गेली. तिथे काहीच लागेना.

"इकडे कोरंच आहे की. थंडीतले तारे कधी टोचणार?"

"उद्या," मामा म्हणाले. दुर्बीण त्यांनी डोळ्यांवरून काढली नाही.